पावसावर ढकललेलं

प्रिय धाकट्या,

हे पत्र पुरतं वाचून होईपर्यंत बूट घालू नकोस. परवा तुझी मॅरेथॉन आहे आणि उद्या सकाळी तू अंग मोकळं करायला म्हणून बाहेर पडणारच, हे ठाऊक असल्यामुळे पत्र टपालात न टाकता तुझ्या दाजींच्या हाती देतेय. दुपारी दोनदा आपण फोनवर बोललो, त्याला बोलणं म्हणता येणार नाही. पहिल्यांदा तू सगळं हसण्यावारी नेलंस. दुसऱ्यांदा मी घाबरून ओरडले, तेव्हा 'ताई, शर्यतीच्या तोंडावर माझ्या डोक्यात किडे सोडू नकोस' म्हणून तू फोन ठेवलास. तेव्हापासून तो बंदच आहे. कागदावर मला ओरडता येत नाही आणि तुला मधेच तोडता येत नाही, एवढा तरी फायदा.

माझी शर्यत अजून लांब असल्याने आज मोठ्या पल्ल्याचा दिवस होता. सुट्टी टाकली होती. पहाटेपासून वारा असा सुटला होता की खिडकीची तावदानं धडधडत होती. दाजी म्हणाले, आज राहू दे, रस्ता कुठे पळून जातोय? मी म्हणाले, रस्ता नाही, मी पळणार आहे. निघालो. कालव्याच्या कडेने मी आणि मागे सायकलवर ते, पाण्याच्या बाटल्या आणि कोरडं जाकीट घेऊन. लोक बायकोला गाडीतून फिरवतात, मी बायकोमागे सायकल हाकतोय, असं काहीबाही त्यांचं चाललं होतं. गोदामांच्या रांगेपाशी पोचेपर्यंत गारा सुरू झाल्या. पत्र्यांवर इतका आवाज की त्यांचं बोलणंही ऐकू येईना. चेहऱ्यावर बारीक खडे मारावेत तशा गारा लागत होत्या. खरं सांगू, मला ते आवडत होतं. तुलाही आवडलं असतं. असल्या हवेत पळणाऱ्याला आपण इतरांहून वेगळे आहोत असं वाटतं, आणि हे वाटणं किती महागाचं असतं ते तेव्हा कळत नाही.

पुढचा चढ लागला आणि मनगटावरच्या घड्याळात ठोक्यांचा आकडा एकदम दोनशेच्या वर गेला, मग खाली कोसळला, परत वर. मी हसले. तुझा छातीला बांधायचा, ठोके मोजणारा पट्टा! गेल्या वर्षी नवीन घेतलास तेव्हा हा जुना स्वतःच्या छातीवरून सोडताना तूच म्हणाला होतास, 'हा पट्टा वेडा आहे ताई, पावसात काहीही बरळतो, तुला हवा तर घेऊन जा.' पाण्याने पट्टा चुकतो हे आपण पळणारे सगळेच एकमेकांना सांगत असतो. पावसाळी दिवसांत त्याने असला आकडा मला आधीही दाखवला होता आणि प्रत्येक वेळी मी त्यालाच नावं ठेवली होती. छातीत काहीतरी फडफडलं, तेही मी दम लागण्याच्या खात्यात टाकलं. मग गुडघ्यांतला जोर गेला. पडले नाही, रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर कशीबशी बसले.

दाजी धावत आले. माझा चेहरा पाहून त्यांची चेष्टा थांबली असावी, पण मला धीर द्यायला त्यांनी ती चालू ठेवली. 'आण तो पट्टा इकडे, बघू मला हृदय आहे की नाही,' म्हणत त्यांनी भिजलेला शर्ट वर करून तो स्वतःला बांधला, माझं घड्याळ मनगटावर चढवलं आणि त्याच गारांत, त्याच चढावर सायकल हाणत वर गेले आणि खाली आले. दोनदा. आकडा शहाण्या माणसासारखा हळूहळू वर चढला आणि हळूहळू खाली उतरला. एकदाही अडखळला नाही. घड्याळ माझ्यापुढे धरून ते उभे राहिले. केसांतून पाणी गळत होतं.

माझं काम तुला माहीत आहे. जन्म गेला पाणी तपासण्यात. प्रयोगशाळेत कुणी नवं आलं की पहिल्या दिवशी मी सांगते, यंत्र विचित्र आकडा दाखवू लागलं तर यंत्राला दोष देण्याआधी त्यात दुसरा नमुना घालून बघ. हे मी किती जणांना सांगितलं असेल. पट्ट्याच्या बाबतीत मात्र दुसरा नमुना घालून बघायचं मला सुचलं नाही. की सुचू दिलं नाही? ते ठरवायला आता भरपूर वेळ आहे, कारण मी हे इस्पितळातल्या खाटेवरून लिहितेय आणि छातीला पाच-सहा वायरी चिकटवल्या आहेत. डॉक्टर बाईंनी आलेख काढला, मग पडद्यावर हृदय दाखवलं. त्याची एक भिंत जाड झाली आहे आणि जोर पडला की ठोके सैरावैरा होतात. पळणं बंद. काही दिवस नाही, बंदच. हे त्यांनी मृदू आवाजात सांगितलं, त्यामुळे जास्त लागलं. खाटेखाली माझे बूट आहेत. दाजींनी त्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवलेत, वाळावेत म्हणून. नेहमीच्या सवयीने.

हे दुखणं घराण्यातून येतं म्हणून मग बाईंनी विचारलं, घरात कुणी अचानक गेलंय का? मी आधी नाही म्हणाले. वडील, आपले अण्णा, अपघातात गेले ना. कामावरची पाळी संपवून भर पावसात घरी येताना उतारावर सायकल घसरली, असंच आपण सगळ्यांना सांगत आलो. तू तेव्हा लहान होतास, तुला आत येऊ दिलं नव्हतं. मी आत होते. आत्या त्यांचं अंग पुसत होती आणि मी पाण्याचं भांडं धरून उभी होते. त्यांचे तळहात मला आजही दिसतात. स्वच्छ होते. खरचटलेलंसुद्धा नव्हतं. घसरून पडणारा माणूस हात पुढे टाकतो, धाकट्या. ज्याला पडतोय हेच कळत नाही, तो टाकत नाही. इतकी वर्षं हे तळहात माझ्या डोळ्यांपुढे आहेत आणि त्यांचा अर्थ लावायची वेळ आज आली. अण्णा आज माझ्याहून लहान वाटतात. माझं वयही त्यांना गाठता आलं नाही.

माझं चुकत असेल. दोन गोष्टी जुळल्या म्हणजे तिसरी सिद्ध होत नाही, हेही मी शिकवते. मला खात्री नाही, भीती आहे, आणि ह्या दोहोंतला फरक मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण भावंडं किती असं बाईंनी विचारल्यावर मी म्हणाले, एक धाकटा भाऊ, तोही पळतो, परवा शर्यत आहे. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. तेव्हा मला आठवलं की पट्टा वेडा आहे हे मला कुणी सांगितलं होतं, आणि तो कुणाच्या छातीवर बरळत होता.

म्हणून हे पत्र. बाईंनी तुझ्या गावातल्या हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून ठेवलंय, उद्या सकाळी ते तुला बघतील. काही निघालं नाही तर परवा खुशाल पळ आणि जन्मभर मला 'घाबरट ताई' म्हणून चिडव. ते ऐकायला मिळावं याहून जास्त मला काही नको. पट्टा पाठवत नाही. तो मिळाला तर 'बघू तरी' म्हणत तू जिना चढशील-उतरशील, मी असते तर तेच केलं असतं. दाजी रात्रभर बसने येऊन उजाडायच्या आत तुझ्या दाराशी उभे असतील. तू डॉक्टरांकडे यायला नाही म्हणालास, तर तुझे बूट उचलून चालू लागायचं, असं मी त्यांना बजावलंय. भांडायचं तर जागेवर उभा राहून भांड. त्यांच्यामागे पळू नकोस.

तुझीच,
ताई