आधी विमा, मग अंत्यविधी

मी, ओतिलिया बुस्तामान्ते, कै. रेनातो सालदिआस यांची पत्नी, वय चौऱ्याहत्तर, राहणार कुरिको, चिली, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून देते. डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणू शकतील असे एकमेव गृहस्थ म्हणजे माझे थोरले दीर आन्सेल्मो. त्यांना नोटरीसाहेबांनी दाराबाहेर बसवले आहे.

कलम १. शिवणयंत्र, चांदीचे चमचे आणि बँकेतील शिल्लक, कलम ४ चा खर्च वजा जाता, माझी भाची ग्लादिस हिला. चमचे पाच आहेत. सहावा कुठे गेला हे तिच्या आईने मला कधी सांगितले नाही. आता वर भेटली की तिलाच विचारीन.

कलम २. २०१० च्या भूकंपानंतर विमा कंपनीकडून पाहणीला आलेल्या साहेबांना काहीही देऊ नये. त्यांनी माझा केक दोनदा मागून खाल्ला आणि स्वयंपाकघरातली भेग ‘जुनी’ म्हणून लिहिली. तिचा खर्च आमच्या खिशातून गेला.

कलम ३. घर मी आन्सेल्मो यांना देते, त्यांच्यानंतर ते ग्लादिसचे. शेजारीपाजारी तोंडात बोटे घालतील, म्हणून कारण लिहिते.

दोघा भावांनी एकाच बँकेतून घरासाठी कर्ज काढले होते. भावजींनी ते मुदतीआधी फेडले. आमच्या रेनातोने ते दर दोन-तीन वर्षांनी वाढवून घेतले. २०१० च्या जानेवारीत भावजींनी कर्ज फिटल्याच्या आनंदात अख्खे कोकरू भाजले आणि साऱ्या गल्लीसमोर म्हणाले, “रेनातो, तू थडग्यातूनसुद्धा हप्ते भरशील बघ!” फेब्रुवारीत भूकंप झाला. भावजींचे घर पार पडले, आमचे स्वयंपाकघर सोडून सारे. कर्जाबरोबर बँकेने आमच्या गळ्यात भूकंपाचा विमा मारला होता, त्यावर आमचे घर पुन्हा उभे राहिले. भावजींचा विमा मात्र कर्जाबरोबरच संपला होता. नवा घ्या, असे त्यांना कोणी सांगितले नाही. सांगितले असते तरी त्यांनी ऐकले नसते.

ते एक खुर्ची घेऊन आमच्या दारात आले. रेनातो म्हणाला, “ये दादा, लाजू नकोस. घर माझं थोडंच आहे? बँकेचं आहे.” तेव्हापासून ते मागच्या खोलीत राहतात, रोज गरजेपेक्षा जास्त पाव आणतात आणि स्वतःला पाहुणा म्हणवतात.

कलम ४. अट. शेवटच्या वेळी वाढवताना रेनातोने कर्ज माझ्या नावावर केले, ते अजून चालू आहे. मी गेले की कर्जाला जोडलेल्या आयुर्विम्यातून ते फिटेल, आणि ते फिटले की घराचा भूकंपाचा विमाही संपेल. म्हणजे घर पुन्हा कर्जमुक्त आणि भावजी पुन्हा उघड्यावर. या विचाराने मला झोप लागत नाही. म्हणून माझे प्रेत घरात असतानाच, फुले आणायच्या आधी, ग्लादिसने घराचा नवा विमा काढावा. मी थांबेन, मला कुठे जायची घाई नाही. कागदावर भावजींची सही लागेल. आजवर विषय काढला की त्यांचे उत्तर ठरलेले: “कंपन्यांना फुकटचे पैसे कशाला चारायचे? भूकंप काय दरवर्षी येतो?” सही केली नाही तर घर थेट ग्लादिसला, आणि भावजींनी दुसरे छप्पर शोधावे. हे मी रागाने लिहीत आहे, पण लिहीत आहे.

कलम ५. भावजी माझ्या आधी गेले, तर कलम ४ रद्द. विमा काढू नये. रेनातोनंतर या घरात माझ्याशी भांडायला तेवढेच एक माणूस उरले आहे. ते नसले तर पुढच्या भूकंपात घर पडले तरी माझी हरकत नाही.

नोटरीची नोंद: कलम ५ वाचून होताच आन्सेल्मो सालदिआस परवानगी न घेता आत आले. पुढील बोलणे लिहून देणारीच्या आग्रहावरून नोंदवले आहे.

“कुठंय तो विम्याचा कागद? आण, सही करतो.”

“भावजी, मी अजून मेले नाही.”

“म्हणून तर आत्ता. तू गेल्यावर माझा हात चालायचा नाही, ओतिलिया.”

वरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवला, तो बरोबर आहे.

सही: ओतिलिया बुस्तामान्ते
साक्षीदार: निबाल्दो ओरेयाना, बेकरीवाले, सुलेमा वेनेगास, शेजारीण, एरास्मो पिन्तो, न्हावी
कुरिको, ४ जून २०१९