स्वेटर घातलास का?

आत्या, पाया पडतो.

इथे पानगळ संपत आलीय. मी डेपोत बस धुतो, तेव्हा वायपरखाली अडकलेली ओली पानं हातानेच ओढून काढावी लागतात. पाणी इतकं गार असतं की बोटं बधिर होतात. तुमच्याकडे मात्र उकाड्याने जीव नकोसा झाला असेल.

पहिल्या वर्षीच मी तुला सांगितलं होतं की पृथ्वीच्या या खालच्या अर्ध्यात ऋतू तिकडच्या उलटे असतात. "सूर्य काय दोन आहेत होय रे?" म्हणत तू मलाच हसलीस. मग मी नाद सोडला. दरवर्षी तिकडे थंडी पडली की तू विचारायचीस, "स्वेटर घातलास का?" आणि मी नुसत्या बनियनवर, घामाने निथळत म्हणायचो, "अंगातच आहे."

परवा तुझा फोन आला. "थंडी फार असेल ना? स्वेटर घातलास का?" खरंच घातला होता, तू विणलेला, कोपराशी उसवलेला. तू विचारलंस आणि इथे खरोखर थंडी होती, असं पहिल्यांदाच झालं. अखेर तुला पटलं म्हणायचं, असं वाटून मला भरून आलं.

तेवढ्यात वहिनीने तुझ्या हातून फोन घेतला. "भावजी, मनावर घेऊ नका. सासूबाई हल्ली भर उन्हाळ्यात शाल पांघरून बसतात. काल तर मलाही ओळखलं नाही."

हे पत्र पाठवणार नाही. तुला वाचून दाखवायला वहिनीच बसणार, आणि तिचंच बोलणं तिला तुझ्यासमोर वाचावं लागणार. एवढंच वाटतं, तू पुन्हा इथल्या भर उन्हाळ्यात विचारावंस, आणि मी घामाने निथळत "अंगातच आहे" म्हणावं.

तुझाच,
बारक्या