गाठीचं रीडिंग

३ फेब्रुवारी, संध्याकाळ
रिपोर्ट आला. गळ्यातली गाठ कॅन्सरची आहे. थायरॉइडचा. सर्जन म्हणाले, कॅन्सरमध्ये त्यातल्या त्यात हा समंजस. सावकाश वाढतो. महिन्याभरात ऑपरेशन करून टाकू, ठणठणीत व्हाल. बायकोने तिथल्या तिथे तारीख मागून घेतली. ५ मार्च. मी म्हणालो, विचार करून कळवतो. सर्जनला फार घाई दिसली आणि घाई करणाऱ्या माणसावर मी उभ्या नोकरीत विश्वास ठेवलेला नाही. रबराच्या वॉशर आणि सीलच्या कारखान्यात मी क्वालिटीचा मुख्य आहे. माझ्या सहीशिवाय एक वॉशर गेटबाहेर जात नाही. मग माझ्याच अंगातली वस्तू परस्पर कशी काय बाहेर जाईल?

आवाजाबद्दलही काहीतरी बोलले. थोडे दिवस बसेल, क्वचित कायमचा. तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो.

निर्धार: घाबरायचं नाही. तसा मी घाबरलेलो नाहीच.

५ फेब्रुवारी
मेहुण्याने एका गृहस्थांकडे नेलं. पूर्वी विमा विकायचे, आता आरोग्य विकतात. सोफ्यामागे पावडरींचे डबे पार छतापर्यंत. मी त्यांना मनात पावडरवाले सर म्हणतो. त्यांचं म्हणणं साधं आहे. कॅन्सर साखरेवर जगतो. साखर तोडा, उपाशी मरेल. शिवाय गाजराचा रस दोन्ही वेळा, कच्चा लसूण, लसणाच्या कॅप्सूल (कच्च्याला मदत म्हणून), माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, समुद्री शेवाळाच्या गोळ्या, द्राक्षाच्या बियांची पावडर. तीन महिन्यांत गाठ विरघळते म्हणाले. मी विचारलं, विरघळली हे मोजायचं कशाने? सर डब्यावरची धूळ पुसायला लागले. असे अडाणी लोक हे क्षेत्र चालवतात. म्हटलं, मोजमाप माझ्यावर सोडा.

६ फेब्रुवारी, सकाळी
पहिलं रीडिंग. जबड्यात वस्तू धरून मोजायचा माझा स्वतःचा व्हर्नियर, आरशासमोर, मान वर करून. २४.६ मिलिमीटर. आता रोज याच वेळेला. बायको म्हणाली, हॉस्पिटलमध्ये सोनोग्राफी म्हणून एक प्रकार असतो. मी तिला समजावलं की मशीन चालवणाऱ्याच्या हातावर सगळं अवलंबून असतं. ती शाळेत गणित शिकवते. वस्तू हातात धरून मोजण्याचा अनुभव तिला नाही.

१५ फेब्रुवारी
तळहात नारिंगी झालेत. मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही पिकलात. विनोदाच्या बाबतीत पोरगी आईवर गेली आहे. स्टोअरकीपरने विचारलं, प्राइमर लावताना हातमोजे घातले नव्हते का साहेब? पावडरवाले सर फोनवर म्हणाले, हे विष बाहेर पडतंय. एवढं विष माझ्यात होतं याची कल्पना नव्हती. बायकोला सांगितलं, तर म्हणाली की तिला होती.

गाठ २३.८. उतार सुरू.

१९ फेब्रुवारी
कच्चा लसूण आता लीलया खातो. मीटिंगमध्ये माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. आजारपण कळल्यापासून लोक आदराने अंतर ठेवतात. मॅनेजरसाहेबांनी स्वतः उठून खिडकी उघडली. एवढा मोठा माणूस, पण माझी काळजी.

२६ फेब्रुवारी
परचेसवाल्याचा निरोपसमारंभ. केक. मी स्पष्ट नाही म्हणालो. मग निरोपाचा मान राखायला एक तुकडा. मग दुसरा, कारण पहिला कापताना नीट आला नव्हता, चुरा जास्त होता. घरी येताना विचार केला आणि मन शांत झालं. इतके दिवस उपाशी राहिलेल्या कॅन्सरला ही साखर ओळखूच येणार नाही.

रीडिंग घेतलं. २२.९. म्हटलं नव्हतं?

५ मार्च
सर्जनने दिलेली तारीख आज आली आणि गेली. आभाळ कोसळलं नाही. पावडरवाले सरांनी अभिनंदन केलं आणि नवा डबा दिला.

संध्याकाळी बाथरूमचा नळ बराच वेळ चालू होता. बायको आत. पाण्याची ही नासाडी बरी नव्हे, असं ती बाहेर आल्यावर शांतपणे सांगितलं. तिचे डोळे लाल होते. साबण गेला असणार. साबण बदलायला हवा.

१८ मार्च
पँट कमरेवर थांबत नाही. पट्ट्याला नवं भोक पाडलं. चरबी गेली, गाठ गेली, असा हा मार्ग आहे. मुलगी म्हणाली, बाबा, तुमचा चेहरा उतरलाय. मी म्हणालो, वजनही उतरलंय, सगळंच उतरतंय. ती हसली नाही. परीक्षेचं टेन्शन.

गाठ २०.७. आजवरची सगळी रीडिंग पावडरवाले सरांना आलेख काढून पाठवली. ते भारावून गेले. म्हणाले, इतक्या वर्षांत असा शास्त्रीय पेशंट भेटला नाही. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवणं सोपं नाही, पण गुणाची कदर करणारा माणूस आहे हे मान्य करावं लागेल.

२ एप्रिल
जिना चढताना दम लागला. मधल्या मजल्यावर थांबून नोटीस बोर्ड वाचला. पाण्याची टाकी मागच्याच महिन्यात धुतली म्हणे. उपयुक्त माहिती.

बायको हल्ली माझ्याशी आजाराबद्दल एक अक्षर बोलत नाही. पटलेलं दिसतं. रोज सकाळी दारात उभी राहून मला मोजताना बघते आणि मग डबा भरायला जाते.

९ एप्रिल, रात्रीच्या जेवणानंतर
आज माझा दिवस होता. मोठ्या गिऱ्हाइकाकडून सीलचा अख्खा लॉट परत आला. आमच्या कागदावर माप बरोबर, त्यांच्याकडे जास्त. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मी नव्या इन्स्पेक्टरबाईंना मोजून दाखवायला सांगितलं आणि चूक एका नजरेत पकडली. बाई व्हर्नियरचे जबडे रबरावर घट्ट दाबत होत्या. सगळ्यांदेखत समजावलं. बाई, हे लोखंड नाही. मऊ वस्तू दाबाल तेवढी दबते. तुम्हाला जे माप हवंय ते तुमच्या बोटांना आधीच माहीत असतं, आणि बोटं लबाड असतात. नुसता स्पर्श झाला की थांबायचं. मॅनेजरसाहेब म्हणाले, याला म्हणतात अनुभव. (हे ते खिडकीपाशी उभे राहून म्हणाले.)

घरी जेवताना हे सगळं उकडलेला बटाटा आणि चिमटा घेऊन दोघींना करून दाखवलं. बायकोने घास हातात तसाच ठेवून ऐकलं. तिला माझ्या कामात इतका रस घेताना मी पहिल्यांदा पाहिलं.

सकाळची नोंद राहिली होती. गाठ १८.२. पावडरवाले सरांना ताजा आलेख पाठवला.

१० एप्रिल
सकाळी बायको म्हणाली, आज मी मोजते. मी म्हणालो, हे येरागबाळ्याचं काम नाही. ती म्हणाली, काल शिकवलंत ना बटाट्यावर. तिने मोजलं. फार वेळ आकडा बघत राहिली. २५ च्या वर काहीतरी म्हणाली. मी हसलो. तिला व्हर्नियर वाचता येत नाही. मुख्य पट्टी आणि उपपट्टी यांतला घोळ नवशिक्यांचा हमखास होतो. तिने व्हर्नियर माझ्या हातात ठेवला आणि शाळेत निघून गेली. टोमणा नाही, काही नाही.

दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. उकाडा आहे.

११ एप्रिल
हलक्या हाताने घेतलं. २५.८.
पुन्हा घेतलं. २५.८.
दाबून घेतलं. १८. अजून दाबलं असतं तर १७ सुद्धा आलं असतं.

व्हर्नियर बिघडलेला आहे. पडला असेल कधीतरी. उद्या कारखान्यात नेऊन तपासतो.

१२ एप्रिल
स्लिप गेज लावून तपासला. ज्याचं माप आधीपासून पक्कं माहीत असतं असा तो पोलादी ठोकळा. एकदा नाही, चारदा तपासला.

व्हर्नियर बरोबर आहे.

१३ एप्रिल, सुट्टी
गाजर आणलं नाही. बायकोने विचारलंही नाही. दुपारी मी तिला सांगितलं की मी घाबरलोय. मरायला नव्हे. म्हणजे मरायलाही. पण जास्त आवाजाला. मशीनच्या आवाजावर ओरडून ओरडून आयुष्य गेलं. घरातही माझा आवाज हाच काय तो माझा रुबाब. तो गेला तर मला कोण विचारणार? ती म्हणाली, तुमचा आवाज ऐकून ऐकून मी अर्धी बहिरी झालेय, गेला तर मला काही कळायचं नाही. मग रडायला लागली. माझ्यासमोर, बाथरूममध्ये न जाता. तेव्हा त्या दिवशीच्या साबणाचं लक्षात आलं. मला माझीच लाज वाटली.

निर्धार: योजनेचा पहिला टप्पा, म्हणजे शरीराची तयारी, यशस्वी झाला आहे. आता दुसरा टप्पा. ऑपरेशन.

१५ एप्रिल
सर्जन. सोनोग्राफीत गाठ वाढलेली. शेजारी दोन छोट्या गाठी नव्या दिसतात, कदाचित आधीपासून असतील, सांगता येत नाही. सर्जन ओरडले असते तर मी उत्तर तयार ठेवलं होतं. ते ओरडले नाहीत. माझे तळहात उलटेपालटे करून बघितले आणि विचारलं, गाजर का? अशा माणसाशी भांडणार कसं? तारीख २७ एप्रिल. सगळ्या गोळ्या, पावडरी आजपासून बंद म्हणाले.

मी लगेच हो म्हणालो. सगळ्या म्हणजे मुख्य सगळ्या. लसूण आणि माशाचं तेल हे अन्न आहे, औषध नव्हे. ते कपाटात सदऱ्यांच्या मागे ठेवलंय.

२७ एप्रिल, दुपार
घरी परत. ऑपरेशन झालं नाही.

सकाळी भूल देणारे डॉक्टर आले. काही गोळ्या घेता का विचारलं. मी म्हणालो, छे. बायकोने पिशवी उघडली आणि टेबलावर एकेक बाटली मांडली. लसूण, माशाचं तेल, आणि कोटाच्या खिशातलं शेवाळ, जे मी स्वतःच विसरलो होतो. शेवटची कधी घेतली, असा प्रश्न आला. मी म्हणालो, आठवत नाही. बायको म्हणाली, आज सकाळी, दार लावून. डॉक्टर म्हणाले, लसूण आणि माशाच्या तेलाने रक्त पातळ होतं, गळ्याच्या ऑपरेशनमध्ये तो धोका मी घेणार नाही. हिरवा गाऊन काढून परत पँट घातली. ती तिथेच घसरली.

टॅक्सीत बायको म्हणाली, सदऱ्यांच्या मागे. इतकी वर्षं तुमचे सदरे मीच ठेवते हो. मी दुसऱ्या बाजूला बघितलं.

आता ८ मे. कपाट बायकोच्या ताब्यात.

१२ मे, हॉस्पिटल
झालं. मी आहे. आवाज नाही. बोलायला गेलो की हवा येते. सर्जन म्हणाले, नस शाबूत आहे, फक्त सूज आहे, आवाज येईल. शेजारच्या दोन गाठींतही कॅन्सर निघाला. त्याही काढल्या. मार्चमध्ये आलो असतो तर कदाचित नसत्या निघाल्या का, असं मी पाटीवर लिहून विचारलं. ते म्हणाले, खात्रीने नाही सांगता येणार. मग पाटी मला परत देत म्हणाले, पण वाट बघून फायदा नक्की झाला नाही.

पुढे रेडिओअॅक्टिव्ह आयोडिनचा डोस आहे. त्याआधी पथ्य, समुद्रातलं काहीही चालणार नाही. शेवाळाच्या गोळ्यांनी अंगात आयोडिन इतकं साठलंय की ते उतरेपर्यंत डोसही थांबवावा लागणार. एका गोष्टीचं समाधान आहे की मला आहारावर शेवटी डॉक्टरांनीच आणून ठेवलं.

१९ मे, घरी
सकाळी अनोळखी फोन. मी उचलला, पण नुसती हवा. पलीकडे एक बाई. भीत भीत बोलत होत्या. म्हणाल्या, सरांनी तुमचा आलेख आम्हा सगळ्यांना दाखवला, तुमचा नंबरही दिला, चोवीसची गाठ अठरावर आली, ऑपरेशनशिवाय. तुम्ही शास्त्रज्ञ आहात ना? माझी स्तनात गाठ आहे. उद्या ऑपरेशन. रद्द करावं असं मनात आहे. फक्त तुमच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं.

मी सगळा जोर लावला. नाही, एवढा एकच शब्द काढायचा होता. आयुष्यभर मशीनवर मात करणारा हा गळा, त्यातून फुस्स झालं. बाई म्हणाल्या, हो म्हणताय ना? मी नाही म्हणून मान हलवली. फोनवर मान हलवून काय उपयोग! मग अक्षरशः धावत स्वयंपाकघरात गेलो आणि फोन बायकोच्या कानाला लावला.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ताई, मी त्यांची बायको. ऑपरेशन अजिबात रद्द करू नका. तो आलेख खोटा आहे, ते गाठ दाबून मोजत होते. अकरा दिवसांपूर्वीच त्यांचं ऑपरेशन झालं, गळ्याला टाके आहेत. बाईंनी विचारलं, मग हे ते स्वतः का नाही सांगत? बायको म्हणाली, त्यांना सध्या बोलता येत नाही. बोलता येत होतं तेव्हा त्यांनी काय सांगितलं ते तुम्ही ऐकलंच आहे.

मग बाई म्हणाल्या, बॅग भरायची राहिली आहे, ठेवते.

दुपारपर्यंत आणखी चार फोन आले. सगळे आलेख बघितलेले. चारही बायकोने घेतले. मी शेजारी स्टुलावर बसून होतो. तिने चौथ्यांदा, दाबून मोजत होते, म्हटलं तेव्हा मी हो म्हणायला मान हलवली. टाक्यांमुळे तीही धड हलली नाही.