एकशेवीसचं तोंड

२८ नोव्हें. ७१, हिर्डोशी
चि. दत्तूची रजा मध्येच रद्द. पहाटेच्या एस.टी.ने गेला. फाट्यावर विचारले, अजून त्याच पंचवीस पौंडी तोफेवर का? म्हणाला, "न्हाई, आता एकशेवीसवर." एकशेवीस काय? "मिलिमीटर. तोंडाची रुंदी. कॅलिबर म्हणत्यात. आधीचीचं अठ्ठ्याऐंशी हुतं." पुढे विचारणार तोच गाडी आली.
शाळेतून फूटपट्टी आणून मापले. हाताचा पंजा आत जाईल एवढे तोंड. माझ्या ठासणीच्या बंदुकीचे बोटभर, म्हणून डुकराला बांधापर्यंत येऊ द्यावे लागते. तोंड मोठे तर मारा लांबचा. मारा लांबचा तर तोफ मागे.
सौ. सुमनला (सून) तसे सांगितले. सातवा महिना, सकाळपासून उपाशी होती. मग जेवली.

४ डिसें.
लढाई लागली. सरपंचांकडे रेडिओ ऐकायला गर्दी. सुमन दाराशी उभी. घरी येताना एकच, "मामंजी, ह्ये मागंच असत्याल न्हवं?" म्हणालो, दहा-बारा मैल मागं. आकडा कुठून आला देव जाणे.

९ डिसें.
भोरला रॉकेलसाठी. आंबवड्याचे हवालदार भेटले, तोफखान्यातून पेन्शनीत आलेले. हॉटेलात चहा.
"पोरगा कंच्या तोफंवर हाय, तात्या?"
"एकशेवीसच्या."
त्यांनी बशी खाली ठेवली. "म्हंजी उखळी."
"पण मोठी ना?"
"तोंडानं मोठी. कॅलिबर म्हंजी नळीचं आतलं माप, आडवं. गोळा किती लांब जाईल ते येगळं. पंचवीस पौंडी अरुंद, पर नळी लांब, गोळा लई लांब जायाचा. ही आखूड. हिला फुडं पलटणीच्या पाठीशी ऱ्हावं लागतं. तुमी काय डुकराच्या बंदुकीवरनं हिशेब केला व्हय!" हसले. माझे तोंड पाहून थांबले.
"जत्रंत उखळी उडवता न्हवं तुमी?"
उडवतो. देवळापुढे इतकी वर्षे मीच ठासतो. तोंड मुठीएवढे, लांबी वीतभर. बत्ती देणारा शेजारीच उभा, काजळीने काळा होतो. दुसऱ्या कुणाला नाही तरी मला कळायला हवे होते.

१० डिसें.
सुमनला सांगितले नाही. दोन भाकरी खाल्ल्या तिने. उद्या सांगू.

१२ डिसें.
नाही.

१७ डिसें.
लढाई संपली. सरपंचांनी पेढे वाटले. सुमनने एक दत्तूसाठी फडताळात ठेवला. संपली तर पत्र का नाही?

२३ डिसें.
तार. शाळेच्या मास्तरांनी दोनदा वाचली. बेपत्ता. मेला असे नाही, बेपत्ता. मी पुन्हा पुन्हा विचारले. मास्तर म्हणाले, "तात्या, एवढंच लिहिलंय."
सुमन रडली नाही. मला वाटले समजले नसेल.

२७ डिसें.
सुमनचा भाऊ तिला बाळंतपणाला न्यायला आला. जात नाही. त्याला म्हणाली, "ह्ये तोफंवर हुते, दहा-बारा मैल मागं. तितनं माणूस हरवतंय व्हय? पलटण हलली आसंल, पत्ता चुकला आसंल. ह्ये आलं न् मी घरात नसले तर?"
भाऊ माझ्याकडे पाहत राहिला. मी गोठ्यात गेलो. शेण काढलेले होते तरी पुन्हा काढले.
तो एकटाच परत गेला. माझा आकडा धरून बसली आहे पोर. काढून घ्यावा तर उरते काय तिच्याजवळ. ठेवावा तर...

३० डिसें.
ताप. सुमन काढा देते, पाय चेपते. तिच्याकडे बघवत नाही. दत्तूचा आवाज आठवू म्हटले तर नीट आठवत नाही. भिंतीकडे तोंड करून पडलो.

२ जाने. ७२
हवालदारांचा निरोप. तार आल्याचे त्यांच्या कानावर गेले, आज भेटायला येताहेत. दुपारच्या गाडीने.
सुमनला हुरूप आला आहे. ओसरी सारवली. म्हणते, "त्येंनी सोता तोफा चालवल्यात. त्येंच्या तोंडनं ऐकलं की भावालाबी कळवते."
गाडीला अजून वेळ आहे. आधी फाट्यावर जाऊन उभा राहतो. त्यांना काय सांगू? खोटे बोला म्हणू? की खरे तुम्हीच सांगा, माझ्याच्याने होत नाही म्हणू?