चाखून पाहा, मग भरवा

रुपराव आंघोळ करून बाहेर आले, तर पाळण्यात नात एकटीच खेळत होती आणि टेबलावर सुनेची चिठ्ठी होती.

"मामाजी, माझी आई घरात पडली. उमरेडची गाडी चुकेल म्हणून मी न सांगता निघाले. यांची ड्युटी दुपारी संपते. बाळाच्या गालावर पुरळ आहे. पावडर लावू नका, घासू नका. ओल्या सुती कपड्यानं टिपा अन् थोडंसं खोबरेल तेल लावा. तांदूळ-मूगडाळीची खिमटी केली आहे. मीठ घालू नका. गरम तर नाही ना, आधी चाखून पाहा, मग भरवा. दीक्षा."

सून बौद्ध घरची, म्हणून रुपराव तीन वर्षं प्रताप नगरच्या या घरी फिरकले नव्हते. काल नातीसाठी आले, तेही स्वतःचा डबा बांधून.

त्यांनी गाल हलकेच टिपले, तेल लावलं. नातीला मांडीवर घेतलं. तिनं आ केला. रुपराव खिमटीचा चमचा हातात धरून क्षणभर थांबले, मग त्यांनी तो आधी आपल्या तोंडात घातला.

थोड्या वेळानं त्यांनी सुनेला पहिल्यांदा फोन लावला.

"दीक्षा, पोरीनं सारी खिमटी खाल्ली. मीही खाल्ली. तुही माय कशी आहे वं?"