रुखवतातले खोके

मसुरे,
मंगळवार, ४ ऑगस्ट १९८७

प्रिय भाई,

दुर्गाचा नमस्कार. आम्ही सगळी इथे बरी आहोत. तूही बरा असशील असं धरून चालते, कारण तुझ्या चार पानी पत्रात तब्येतीबद्दल एक अक्षर नाही. पावणेचार पानं तुझ्या व्हिडिओ गेमबद्दल, आणि उरलेल्या पावात आईला साष्टांग, मला आशीर्वाद आणि माझ्या सासरच्यांना यथायोग्य. यथायोग्य म्हणजे किती, ते तरी कळवायचंस.

तू लिहितोस, बाबू पुढच्या आठवड्यात मुंबईला जाऊन जहाजावर चढणार, त्याचं जहाज रॉटरडॅमला लागणार, तर त्याच्याबरोबर सगळे गेम धाड. खोका, आतलं इंग्रजी पुस्तक आणि कॅसेट, तिन्ही एकत्र. "एकही सुटी नको," आणि त्याखाली दोन रेघा. भाई, मी काय तुझ्या हाताखालची खलाशी आहे?

सुट्या कॅसेटीला तिकडे कुत्रं विचारत नाही आणि खोक्यासकट असली तर शौकीन लोक हातात घेऊन देवासारखी बघतात, हे तू मागच्या रजेतही सांगितलं होतंस. तेव्हा आई म्हणाली होती, नारळ सोलल्याशिवाय खोबरं मिळत नाही आणि ह्याला सोडणासकट हवा. तू किती चिडला होतास!

तर आता शांतपणे ऐक. तुझे खोके इथे माझ्या सासरी मसुऱ्यात आहेत आणि कॅसेटी मिठबावला आईकडे. असं का, ते तुला माहीत नाही, कारण तू लग्नाला नव्हतास.

माझ्या रुखवताला आईने जिवाचं रान केलं. साखरेचं तुळशीवृंदावन, सुपारीचे भटजी, शिंपल्यांचा मोर, सगळं तिने हाताने केलं. तरी मांडायला बसली तर एक बाजू रिकामी दिसायला लागली. मुलाकडची माणसं रुखवत बघून घर ओळखतात, असं तिचं म्हणणं. मग तिची नजर तुझ्या कपाटाकडे गेली. तांबडे, निळे, चकचकीत खोके, वर रंगीत चित्रं. मी म्हटलं, आये, भाई ओरडेल. तिने एकेक खोका उघडून आतली कॅसेट काढून घेतली, स्वतःच्या लुगड्यांच्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांबरोबर ठेवली आणि मला म्हणाली, "आत आसा ता जयरामाचा, भायर आसा तो नुसतो कागद."

तिच्या हिशेबाने तिने तुझी वस्तू राखली, भाई. तिच्यावर रागावू नकोस.

खोके तिने पायऱ्यांसारखे रचले आणि वर पाटी लावली, "वधूच्या बंधूंनी विलायतेहून पाठविलेले." रुखवतापुढे गर्दी झाली ती तिथेच. कावेरीमावशीने एक उघडून आत बोट घातलं आणि भर मांडवात विचारलं, चॉकलेटां खंय गेली? मी मुंडावळ्या सावरत हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. बायका म्हणाल्या, पोर सासरी जायच्या विचाराने रडते. तसं नव्हतं. कानपिळीची वेळ झाली होती आणि नवऱ्याचा कान पिळायला वधूचा भाऊ कुठे आहे म्हणून भटजी हाका मारत होते. शेवटी बाबू उभा राहिला. चुलत असला तरी भाऊच. त्याने ह्यांचा कान इतका हळू पिळला की मांडवात लोक म्हणाले, हा कान पिळतोय की कानातली वाळू झाडतोय. तू असतास तर ह्यांचा कान अजून लाल असता.

रुखवतात मांडलं ते सगळं नवरीबरोबर सासरी जातं, हे तुला सांगायला नको. तसे तुझे खोकेही आले. आमच्या ओटीवरच्या काचेच्या कपाटात सासूबाईंनी ते लावलेत. आलं-गेलं माणूस चहा घेऊन त्यांच्याकडे बघत बसतं. हे शाळेत गणित शिकवतात हे तुला ठाऊक आहेच, पण त्यांना पुस्तकांचं वेड आहे. खोक्यांतली तुझी ती पातळ पुस्तकं शब्दकोश घेऊन वाचून काढली. कधी न खेळलेला खेळ कसा जिंकायचा ते मला जेवताना समजावतात. मी ऐकून घेते. गुणी माणूस आहे, भाई. तुला आवडेल.

तुझं पत्र आल्यावर मी सासूबाईंकडे विषय काढला. त्या बऱ्या आहेत, पण रीतीला पक्क्या. म्हणाल्या, "रुखवताची वस्तू माहेराक परत जाणा नाय. भाव मुराळी म्हणान येवंदे, त्येच्या हातात मीच दितलंय."

झालं. आता मी काय बोलणार? त्यांच्या घरात मला जेमतेम तीन महिने झालेत. पहिल्या दिवाळीला मला माहेरी न्यायला मुराळी कोण येणार, हा इथे तसाही रोजचा विषय आहे. आपले दाजीकाका मी येतो म्हणून निरोप धाडून बसलेत. मी त्यांना कळवलं, तसदी घेऊ नका, भाई येणार आहे. लग्नाला जहाजाने सोडलं नाही, भाऊबीजेला तरी सोडेल.

तेव्हा तूच ये आणि खोके घेऊन जा. माझा इलाज नाही.

इथे समुद्र ऐकू येत नाही. पहिले काही दिवस मला वाटायचं, कान बसले. मसुऱ्यात नदी आहे, मोठी आहे, पण ती आवाज न करता जाते. दुपारी जेवणं झाली की घर पेंगतं. मी ओटीवर चटई टाकते आणि पडल्या पडल्या समोर तुझे खोके दिसतात. काचेवर बाहेरच्या माडांची सावली हलत असते, त्यामुळे चित्रंही हलतात. डोळा लागतो की उघडा असतो, मला सांगता येत नाही.

त्या होडीच्या खोक्यावर केवढी लाट काढलीय रे. लाटेच्या टोकावर शिडाचं जहाज, आभाळात दोन चंद्र. आणि टीव्हीवर लावलं की काय दिसायचं? चार चौकोन आणि एक रेघ. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा रुसून बसले होते, ह्या विलायतच्या लोकांनी फसवलं म्हणून. तू म्हणालास, आधी झाकणाकडे नीट बघ, मग डोळे मीट, मग टीव्हीकडे बघ. मी तसं केलं आणि दिसलं की, सगळं दिसलं. दुपारी खिडक्या लावलेल्या, वीज कमी-जास्त व्हायची तसं ते चित्र फुगायचं आणि बारीक व्हायचं, आई पलीकडे उशाला हात घेऊन झोपलेली, आणि आपण दोघं त्या चार चौकोनांतून कुठच्या कुठे जायचो. बाहेर खरा समुद्र होता, त्याच्याकडे आपण ढुंकूनही बघायचो नाही.

आता मला तेच स्वप्न पडतं. मी झाकणातून आत जाते. पाणी कोमट असतं आणि कुठेच आवाज नसतो. दोन्ही चंद्र अगदी खाली आलेले, हात लावता येईल इतके. लांब जहाजावर कुणीतरी उभं असतं, तो तू असतोस हे मला माहीत असतं, पण जवळ जावं तर तू चार चौकोन होतोस. मी हाक मारते, तू डावीकडे सरकतोस. पुन्हा मारते, उजवीकडे. मग ह्यांचा शाळेतून आल्याचा आवाज येतो आणि मी उठून चहा टाकते. ह्यांना एकदा सांगितलं. म्हणाले, माहेरची आठवण येत असेल. शहाणा माणूस.

आत्ताही चहाचीच वेळ झाली. उरलेलं उद्या लिहिते.

बुधवार

काल लिहिलेलं आज वाचून बघितलं. सगळं खरं आहे, पण पुरतं नाही. सुटी कॅसेट तशी.

आज सकाळी बाबू आला. जायच्या आधी तुझं सामान न्यायला म्हणून रिकामी पिशवी घेऊनच आला. मिठबावला जाऊन आईकडून कॅसेटीही आणणार होता. मी त्याला पोहे दिले आणि सहज म्हटलं, भाईला सांग, दिवाळीची रजा आत्ताच मागून ठेव, नाहीतर पुन्हा जहाज सोडणार नाही. त्याचा घास हातातच राहिला.

"भाई आता थंयच रवतलो, दुर्गा," तो म्हणाला. "चैत्रातच जहाज सोडल्यान. तुका म्हायत नाय?"

चैत्रात. माझं लग्न वैशाखात झालं, भाई.

बाबूला वाटलं, मी रडेन. मी त्याला आणखी पोहे वाढले. खरं सांगू, मला नवल वाटलंच नाही. तुझ्या पत्रात तिसऱ्या पानावर एक ओळ आहे, "इथे खोलीत भिंतीला कपाट करून घेतलंय, त्यात सगळे नीट मांडणार." ती वाचली त्या दिवशीच मला शंका आली होती. जहाजावरचा माणूस भिंतीला कपाट करून घेत नाही. त्याचं सगळं पेटीत असतं. तू आपल्याकडे रजेवर यायचास तेव्हासुद्धा तुझे कपडे पेटीतच असायचे, आई ओरडायची तरी. पंधरा वर्षांत पहिल्यांदा तू कुठेतरी खिळा ठोकलास, आणि तो तिकडे.

आईला मी काही बोललेले नाही. ती कुणकेश्वराला दर सोमवारी तुझ्या नावाने बेल वाहते. जहाज सुखरूप असो, म्हणते. कुठलं जहाज, मी तिला काय सांगू?

आणि आता कालच्या पानातलं एक खोटं. सासूबाई नाही म्हणाल्या, हे खरं. पण ते पहिल्या दिवशी. नंतर माझं तोंड बघून की काय, परवा त्यांनी स्वतःच कपाट उघडलं. म्हणाल्या, "ज्याची वस्तू त्याका जावंदे गो. रुखवत मिरवून झाला, आता माझा काय अडता?" खोके पुसायला मऊ फडकंसुद्धा काढून दिलं. तेव्हा अडवणारं इथे कुणी नाही. परवापासून नाही म्हणतेय ती मी. काल सगळी रीत सासूबाईंच्या पदरात टाकून मी नामानिराळी बसले होते, कारण बहिणीने भावाला तोंडावर नाही म्हणायचं म्हणजे जिभेला जड जातं.

तरी आज बाबूचं ऐकल्यावर वाटलं, तुला तिकडेच राहायचंय तर जाऊ देत, आणि त्याच्यापुढे खोके काढले. एकेक पुसला. पुस्तकं आत आहेत की नाहीत ते हे बघून देत होते. पिशवीत पहिला खोका ठेवला आणि मला एकदम कळलं की हे सगळं तिकडे त्या कपाटात मांडून झालं, की आपल्याकडे तुझं असं काहीच उरत नाही. तू न्यायला यावंस असं काहीही नाही. आई आहे, मी आहे, पण आम्हाला न्यायला कोण येतं? मी तो खोका पिशवीतून बाहेर काढला. हे उठले आणि सगळे खोके पुन्हा काचेमागे लावून आले.

तर हे माझं म्हणणं, आणि त्याखाली मीही दोन रेघा मारते. तुला तिकडे राहायचं असेल तर राहा. चांगलं असेल तिथे, सुख असेल, कुणी माणूसही असेल, तू लिहिलं नाहीस तरी माझ्या मनात आलंच. मी त्याला वाईट म्हणणार नाही. पण ते आईला तुझ्या अक्षरात कळू दे, बाबूच्या तोंडून नको आणि माझ्या तर नकोच. तू आईला तसं लिहिलंस की मी त्याच दिवशी मिठबावला जाईन, कॅसेटी आणीन, प्रत्येक खोक्यात ज्याची त्याची घालीन आणि सगळं पूर्ण करून तुझ्याकडे धाडीन. नाहीतर दिवाळीला मुराळी म्हणून ये आणि स्वतः घेऊन जा. अर्धं इकडे, अर्धं तिकडे ठेवून तू वर्षानुवर्षं आम्हाला वाट बघायला लावशील, ते मला चालणार नाही. दाजीकाकांना मी अजून हो म्हटलेलं नाही.

बाबू पडवीत खोळंबलाय, त्याला मसुऱ्याहून शेवटची गाडी गाठायची आहे. त्याच्याकडे हे पत्र तेवढं देते. पिशवी रिकामी बघून तू संतापशील, ह्या शेंडेफळाला लाडावून ठेवलं म्हणशील. म्हण. तुला राग आला की तो पत्रात मावत नाही. तू पाय आपटत येतोस आणि समोर उभा राहून भांडतोस. एवढा राग तुला यावा, म्हणून मी हे लिहिलंय.

तुझ्या भांडणाची वाट बघणारी,
दुर्गा