विनूच्या खुर्चीवर

२ फेब्रुवारी ५१, सांडोर

विनू अजून आला नाही. सोमवारी केळी आणि विड्याच्या पानांच्या करंड्या घेऊन आगाशीपलीकडच्या क्लबात गेला, तो गेलाच. गाडी आणि बैल तिकडच्या एका टांगेवाल्याने आणून सोडले, धाकट्या बंधुराजांचा पत्ता नाही.

आज पाण्याची पाळी त्याची. मी धरली. विहीर सामायिक, रहाट एक, घरं चार. पाळीच्या वेळी आपलं माणूस बैलामागे नसलं तर पुढच्या घराने खुशाल आपला बैल जुंपावा, असा आजोबांच्या वेळचा कायदा. म्हणून आमच्याकडे एक जेवायला गेला की दुसरा न सांगता येऊन उभा राहतो. कंबर धरली आहे. विनूला येऊ दे, मग बघतो.

आईला सांगितलं, मुंबईची शौकीन माणसं बघत बसला असेल. तिला पटलं नाही.

४ फेब्रु.

निरोप आला. अर्नाळ्याची आग्नेसबाय क्लबाच्या स्वयंपाकघरात मासळी घालते. ती आज बाजाराची वाट सोडून आमच्याकडे आली. विनू धडधाकट आहे म्हणाली. बोळिंजचे नानासाहेब, आमच्या केळ्यांचे जुने गिऱ्हाईक, तिथे पत्ते खेळत होते. घरी काही काम निघालं. समोर विनू दिसला, त्याला म्हणाले, जरा माझ्या जागी बस, आलोच. हा बसला. ते परतले की निघतो, असा निरोप.

सौ. हसली. आपल्या घरचाच तो, म्हणाली, पाळी सोडून उठेल कसा. मलाही हसू आलं. पोराला आपण वळणच तसं लावलंय.

बाईला पाणी दिलं, तिने भांडं तोंडाला लावलं नाही. जाताना दारातून म्हणाली, "तिथं ताटं तेवढीच लागतात, भावा. मानसं बदलतात, ताटं नाय." आणि पाटी डोक्यावर घेऊन गेली. एरवी ही बाई बोलायला लागली की थांबवावी लागते.

६ फेब्रु.

बोळिंजला जाऊन आलो. नानासाहेब ओटीवर झोपाळ्यावर बसलेले. कोट, टोपी, सगळा जामानिमा. एका पायात वहाण, दुसरी खाली उलटी पडलेली.

म्हटलं, माझा भाऊ तुमच्या जागी खोळंबलाय. "हो हो, निघालोच." चहा आला. यंदाच्या केळीबद्दल नीट, शहाण्यासारखं बोलले. सुकेळी कधी वाळत घालणार म्हणून विचारलं. मी वाट पाहिली. मग म्हटलं, निघायचं ना? "हो, आलोच." आणि त्या उलट्या वहाणेकडे बघत राहिले. मी स्वतः वाकून ती सुलटी करून पायापाशी ठेवली. पाय हलला नाही.

बाहेर पडलो तशी त्यांच्या पत्नी मागोमाग फाटकापर्यंत आल्या. परत आले तेव्हापासून असंच चाललंय म्हणाल्या. जेवतात, झोपतात, सकाळी उठून कोट चढवतात, एक वहाण घालतात. वैद्य नाडी बघून गेले, नाडी उत्तम.

वाटभर चरफडत आलो. म्हाताऱ्याची सोंगं, नि आमचं पोर तिकडे अडकलंय. उद्या उरलेलं भात झोडायचं काम आहे. परवा मीच जातो.

८ फेब्रु., क्लब

सुरूच्या बनात बंगला. कुणा शेटजींनी हवा खायला बांधलेला, आता पुढे हॉटेल, मागे क्लब, मधे काचांचा व्हरांडा. समुद्र हाकेच्या अंतरावर, पण व्हरांडा ओलांडला की लाटेचा आवाज बंद होतो. मी परत बाहेर जाऊन खात्री केली. बाहेर येतो, आत येत नाही.

मॅनेजर गुळगुळीत माणूस. माझं नाव विचारलं नाही, थेट "विनायकरावांचे बंधू, या" म्हणाला.

भर दुपारी खोलीच्या खिडक्या बंद. कोपऱ्यात जुगाराचं मोठं चक्र, त्यावर पांढरी चादर. मधे हिरव्या कापडाचं गोल टेबल. एक पारशी म्हातारा, काळ्या चष्म्याची एक बाई, वसईचे एक वकील (कोर्टाच्या आवारात पाहिलेत), आणखी दोघं-तिघं. आणि आमचा विनू. पानं वाटली जातात, खेळली जातात, गोळा होतात. कोण जिंकलं कोण हरलं, कुणी विचारत नाही. एवढा शांत जुगार मी पाहिला नव्हता.

विनूचे गाल बसलेत. मला बघून डोळ्यांत पाणी आलं, पण उठला नाही. मी म्हटलं, चल. म्हणाला, "नानांचा डाव संपेल, दादा." मी म्हटलं, नाना मजेत झोपाळ्यावर बसलेत. तर हळूच म्हणाला, "म्हणूनच ना."

मॅनेजरने अगदी नम्रपणे नियम सांगितला. खुर्ची रिकामी टाकून उठायला इथे कुणाला मनाई नाही. फक्त ज्याच्यासाठी बसलात, त्याचा डाव तिथे संपला. दिवेलागणीला पानं पालथी घालून खुर्चीवर रुमाल ठेवायचा, हॉटेलात झोपायचं, सकाळच्या घंटेला जागेवर यायचं. रुमाल तेवढाच वेळ चालतो.

मी मॅनेजरला चार शब्द सुनावले. त्याने मला लिंबाचं सरबत पाठवलं.

९ फेब्रु.

हे मी केलं, कुणी सांगितलं नव्हतं. लिहून ठेवतो.

सकाळी विनूला पानं धरवत नव्हती. मी मागे उभा होतो. तोंडातून निघून गेलं, "ऊठ. घरी जा, आईला तोंड दाखव, पोटभर जेव. उद्या दुपारी ये. तोवर मी बसतो."

तो नको नको म्हणाला. मग माझ्याकडे बघितलं. लहानपणी रहाटावर पेंगायचा, तेव्हा मी असाच मागून येऊन त्याच्या हातातला चाबूक काढून घ्यायचो. उठला. खुर्चीचा कडेचा दांडा धरून थोडा उभा राहिला, पायांना मुंग्या आल्या असाव्यात.

"आलोच, दादा," म्हणाला.

नानांचाच शब्द. पण तोवर मी बसलेलो होतो. खुर्ची गरम होती. माझ्यापुढे पानं वाटली गेली.

१० फेब्रु.

दुपार टळली. विनू नाही.

हॉटेलची खोली स्वच्छ. चादरीला इस्त्री, आणि उशीला मधोमध डोक्याएवढा खळगा. झटकली, उलटी केली. सकाळी पुन्हा तसाच. मी कुशीवर झोपतो, खळगा उताण्या माणसाचा.

जेवणघरात ताटं मांडलेली असतात. टेबलावरची माणसं मोजली नि ताटं मोजली, बरोबर जमतं. कुणी फारसं खात नाही. मलाही घास उतरत नाही, आणि मी जेवणाच्या बाबतीत कसा आहे ते आमच्या घरी सर्वांना ठाऊक आहे.

मला पत्त्यांतलं भिकार-सावळीपलीकडे काही येत नाही. तरी खेळतोय. चुकलं तरी कुणी चुकलं म्हणत नाही.

११ फेब्रु.

पानं पिसली जात होती तेवढ्यात पारशी म्हाताऱ्याला विचारलं, तुम्ही किती दिवस. म्हणाला, मुलगा डहाणूला चिकूची वाडी बघायला गेलाय, आला की उठणार. वकीलसाहेब त्यांच्या भागीदारासाठी बसलेत. काळ्या चष्म्याची बाई नवऱ्यासाठी. तो गिरगावात घरी आहे, खिडकीत बसतो, शेजाऱ्यांचं पत्र येतं, तब्येत चांगली आहे म्हणे.

स्वतःचा डाव खेळणारा टेबलावर एकही नाही. सगळे कुणीतरी "आलोच" म्हणून गेलेले, त्यांच्या जागी.

भीती वाटली. उघड लिहितो. मी भित्रा नाही, पण वाटली.

१२ फेब्रु.

आज उठलो. डोकंच फिरलं. पानं टाकली, व्हरांड्यातून तरातरा बाहेर. ऊन, वाळू, लाटांचा आवाज. किती बरं वाटलं ते काय सांगू. सुरूच्या झाडांपर्यंत पोचलो.

मागे कुणी धावलं नाही. मॅनेजर व्हरांड्याच्या पायरीवर उभा राहून हॉटेलात विचारतात तसं विचारता झाला, "विनायकरावांचा डाव संपवू ना, साहेब?"

थांबलो. सुरूच्या एका झाडाला धरून उभा होतो. म्हटलं, थोतांड आहे सगळं, जा पुढे. पुढे गेलो नाही. परत येऊन बसलो. माझी पानं होती तशीच पडलेली, आणि खुर्ची तेवढ्या वेळात गार पडली होती.

१४ फेब्रु.

घंटेच्या आधी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी आग्नेसबाय भेटली. सांडोरला जाऊन आली होती. विनू ओट्यावर बसतो. अंगात सदरा, डोक्याला टोपी, एका पायात वहाण. विचारलं की म्हणतो, दादाकडे निघालोच.

मग तिने इकडेतिकडे बघितलं. म्हणाली, "परवा मी तुझ्या घरी असताना, दुपारी, बसल्या जागी कलंडला. ओठ निले. तुझी आय छाती बडवाया लागली. आनि थोड्या वेलानं आपला आपन उठला, पानी मागलं."

परवा दुपारी मी झाडाला धरून उभा होतो.

बाईने छातीवर क्रूस केला. मी तिचे हात धरले. एवढंच कर, सौ.ला सांग, इकडे यायचं नाही. काहीही ऐकलं, मी मेलो असं ऐकलं तरी यायचं नाही. ती म्हणाली, "सांगन. पन ऐकन काय ती?"

१५ फेब्रु.

आज आमची पाण्याची पाळी. नवीन लावलेल्या केळींना दोन पाळ्या चुकल्या तर गेल्याच. विनू ओट्यावर, मी इथे. मग सौ. असणार बैलामागे. मला मलेरिया झाला होता त्या वर्षी सगळा उन्हाळा तिनेच काढला. पदर खोचून, एक अक्षर न बोलता. मी अंथरुणातून रहाटाचं कुरकुरणं ऐकायचो आणि ते चालू आहे म्हणून झोप लागायची.

तिला हे कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

१६ फेब्रु.

काही नाही. खेळलो. उशीच्या खळग्यात आता माझं डोकं बरोबर बसतं. मी उताणा झोपायला लागलोय.

१७ फेब्रु.

आली.

मॅनेजर तिला दारापर्यंत घेऊन आला, "विनायकरावांच्या वहिनी" म्हणून. हातात डबा. सांडोरहून बैलगाडीने, एकटी. रहाट तिच्या भावाकडे सोपवलाय, आई विनूपाशी. सगळी व्यवस्था लावून आली आहे. मला बघून तिचं तोंड एवढंसं झालं. माझी दाढी वाढली आहे, डोळे कसे दिसत असतील देव जाणे. रडली नाही. टेबलावरच्या एकेकाकडे बघितलं. काळ्या चष्म्याच्या बाईकडे जास्त वेळ.

डबा टेबलावर ठेवून उघडला. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं.

मग पदर कमरेला खोचला. मी तेव्हाच ओळखलं.

"उठा," म्हणाली. "बाहेर वाऱ्यावर बसून चार घास खा. तोवर मी बसते."

मी तिला खालच्या आवाजात सगळं सांगितलं. नाना, विनू, सुरूची झाडं, गिरगावातली खिडकी. मी उठून बाहेर गेलो की परत येणार नाही, हे सांगितलं. यायचं मनात असेल, वहाण पायात असेल, आणि येणार नाही. तिने सगळं ऐकलं. खुर्ची टाकून दोघंही चालू लागू, असं मीच म्हणालो आणि म्हणताना विनूचे ओठ आठवले. तिलाही आठवले असणार, तिने ते डोळ्यांनी पाहिलेत.

म्हणाली, "तुम्ही याल. नाही आलात तरी मी बसेन. तुमच्या मागे मी कधी रहाट थांबू दिलाय?"

मी थोडं थांब म्हटलं आणि खिशातून वही काढली. लिहीत आहे तोवर उठावं लागत नाही. पानं वाटून झाली आहेत, माझी पालथी पडलीत. सगळे थांबलेत, घाई कुणालाच नाही. मॅनेजरने लिंबाचं सरबत आणून तिच्यासाठी ठेवलंय. ती माझ्या मागे उभी आहे, तिचा हात खुर्चीच्या पाठीवर आहे, माझ्या मानेला लागतोय.

बिरड्याचा वास येतो आहे. इतक्या दिवसांनी भूक लागली. फार भूक लागली आहे.